दोन माणसांची नगरपालिका

आपल्या शास्त्रकारांनी वानप्रस्थाश्रमाची आखणी मोठ्या बारकाईने केली, पण सांडपाण्याचं काय करायचं हे कुठेच लिहून ठेवलं नाही. केस पिकले, कातडी सुरकुतली, नातवाचं तोंड पाहिलं, की घरदार मुलाच्या हवाली करून वनात जावं, कंदमुळं खावीत, वल्कलं नेसावीत, इथपर्यंत मनूने सगळं सांगितलंय. ब्लॅक टँक मात्र त्याच्या नजरेतून सुटला. ही उणीव अमेरिकेतल्या निवृत्त लोकांनी भरून काढली आहे. तिथे माणूस वनात जातो तेव्हा त्याचं घरही त्याच्याबरोबर जातं. त्यात डबल बेड, मायक्रोवेव्ह, न्हाणीघर, संडास, छपरावर एसी असं सगळं असतं, आणि त्याला आरव्ही म्हणतात. आमच्या दाजींनी पसंत केलेली आरव्ही फोर्डच्या ई-४५० चॅसीवर बांधलेली होती. माणसं, सामान आणि पाणी धरून तिचं कमाल वजन १४,५०० पौंड, म्हणजे जवळजवळ साडेसहा टन. इतकं जड वैराग्य मी आजवर पाहिलं नव्हतं.

ताई आणि दाजी टेक्सासात, डॅलसच्या एका उपनगरात राहतात. दोघांच्या नोकऱ्या संपल्या. मुलगी सिॲटलला आणि मुलगा बोस्टनला, म्हणजे आईवडिलांपासून नकाशावर जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन बसलेले. तेव्हा दाजींनी ठरवलं, घर विकायचं आणि चाकांवर राहायचं. जाहिराती त्यांनी मन लावून पाहिल्या होत्या. जाहिरातीतली आरव्ही नेहमी तळ्याकाठी उभी असते, सूर्य मावळत असतो आणि छताच्या कनातीखाली पांढऱ्या केसांचं एक जोडपं कॉफीचे मग धरून बसलेलं असतं. या जाहिरातींचं एक वैशिष्ट्य आहे. फोटो कायम गाडीच्या उजव्या बाजूने काढतात. डाव्या बाजूला, म्हणजे तिकडच्या ड्रायव्हरच्या बाजूला, नळ्या असतात.

विक्रेता दाजींना कनात उघडून दाखवत होता तेव्हा ताई चालत चालत नेमकी त्या डाव्या बाजूला गेली. तिथल्या झाकणांमागे पाण्याचं तोंड होतं, विजेचं तोंड होतं, आणि खाली वाकून पाहावं लागेल असं तिसरं एक तोंड होतं.

"हे सगळं कोण करणार?" तिने विचारलं.

"अगं, सोपं असतं," दाजी म्हणाले. दाजी आयुष्यभर सॉफ्टवेअरमध्ये होते. घरदुरुस्तीतला त्यांचा अनुभव म्हणजे माणसाला फोन करणे आणि माणूस आला की त्याच्यामागे हाताची घडी घालून उभं राहणे.

ताईने अट घातली. आधी शिकायचं, मग घर विकायचं. "नळाचा वायसर बदलता येत नाही आणि निघाले ॲरिझोनाला." अट रास्तच होती, कारण सरकारची काहीच अट नाही. टेक्सासात २६,००० पौंडांपर्यंतची गाडी साध्या लायसनवर चालवता येते. कालपर्यंत टोयोटा चालवणारा माणूस आज सकाळी आख्खं घर घेऊन हमरस्त्यावर येऊ शकतो, आणि त्याला झडप म्हणजे काय ठाऊक आहे का, हे कुणी विचारत नाही.

डॅलसच्या आग्नेयेला अथेन्स नावाचं गाव आहे. तिथे आरव्हीची देखभाल शिकवणारी नॅशनल आरव्ही ट्रेनिंग अकॅडमी आहे आणि तिचा पाच दिवसांचा प्राथमिक वर्ग असतो. ग्रीसमधल्या अथेन्सात तरुण मुलं म्हाताऱ्याभोवती जमून आत्म्याची चर्चा करत. टेक्सासातल्या अथेन्सात म्हातारी माणसं गोळा होऊन व्होल्टमीटर धरायला शिकतात. दोघंही गेले. दाजींनी दोनशे पानी वही नेली, ताईने काहीच नेलं नाही.

शिकायचं कशासाठी, याचं उत्तर दाजींच्या वहीच्या पहिल्याच पानावर होतं. ताशी ६० मैलांनी पळणाऱ्या घराला रोजच भूकंप असतो. बिजागऱ्या सैल होतात, स्क्रू आपापल्या भोकांतून बाहेर डोकावतात, कपाटांची दारं वळणावर उघडतात. शिवाय ऐन हंगामात दुरुस्तीवाल्यांकडे रांग असते, आणि गाडी दुरुस्तीला गेली म्हणजे घरच दुरुस्तीला गेलं. मग राहायचं कुठे? यातल्या बहुतेक गाड्या इंडियाना राज्यात एल्कहार्टच्या आसपास बनतात. तिथल्या कारखान्यांत आमिश पंथाचे कितीतरी लोक काम करतात. हे लोक स्वतः घोडागाडीतून हिंडतात आणि घरात तारेची वीज घेत नाहीत. बाकीच्या अमेरिकेला टीव्ही आणि एसीसकट वनवासाला पाठवण्याचं काम त्यांच्याकडे असावं, यातली गंमत फक्त अमेरिकेलाच जमू शकते. एवढं खरं, की घरी कंदिलाच्या उजेडात बसणारा तो सुतारच आपल्यापेक्षा जास्त शहाणा आहे, असं वही वाचताना मला वारंवार वाटलं.

कारण वहीतून जे उलगडत गेलं ते असं: दाजींना वाटत होतं की आपण घराच्या कटकटीतून सुटतोय. प्रत्यक्षात ते दोन माणसांच्या नगरपालिकेचे आयुक्त होत होते. पाणीपुरवठा, वीज, गॅस, मलनिस्सारण, रस्ते, इमारत-देखभाल अशी सगळी खाती त्यांच्याकडेच. घरात फ्लश केलं की विषय संपतो, पुढचं शहर बघून घेतं. आरव्हीत तिथून विषय सुरू होतो.

या विषयाला वहीत सर्वांत जास्त पानं होती. गाडीच्या पोटात तीन टाक्या. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी ग्रे, म्हणजे मोरी आणि न्हाणीचं पाणी. तिसरी ब्लॅक, तिचं वर्णन नको. डंप स्टेशनवर गाडी लावायची, हातमोजे घालायचे, तीन इंची नळी जोडायची, आधी ब्लॅक सोडायची आणि मग ग्रे, म्हणजे मागून आलेल्या साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हा क्रम उलटा करणारा माणूस आयुष्यात एकदाच उलटा करतो म्हणे. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. मुक्कामाच्या जागी गटाराची सोय असली, नळी जोडलेली असली, तरी ब्लॅकची झडप बंदच ठेवायची आणि टाकी बरीचशी भरल्यावर एकदम उघडायची. नवशिका झडप उघडी ठेवतो. मग पाणी वाहून जातं, बाकीचं तिथेच थांबतं, साचतं, वाळतं आणि त्याचा डोंगर होतो. आरव्हीवाले त्याला पिरॅमिड म्हणतात. तो फोडायला मजुरांची फौज नसते, एकटा मालकच असतो. दाजी ही माहिती पोळी-भाजी खाताना देत होते. "जेवताना पिरॅमिड नको," ताई म्हणाली.

नळीच्या तोंडाशी बसवायला पारदर्शक प्लास्टिकचा एक बाक मिळतो, म्हणजे आतून काय चाललंय ते दिसावं. हा शोध लावणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय असेल, याचा मी बराच विचार केला. पण जुनेजाणते आरव्हीवाले त्या बाकाकडे टक लावून उभे असतात आणि पाणी नितळ दिसलं की समाधानाने मान हलवतात. आत भिंतीवर एक पाटी असते, तिच्यावर दिवे: रिकामी, एकतृतीयांश, दोनतृतीयांश, भरलेली. काही आठवड्यांतच ती खोटं बोलायला लागते. टाकीच्या आतल्या खिळ्यांना कागद चिकटतो आणि टाकी धुऊन पुसून काढली तरी दिवा भरलेलीच म्हणतो. अहवाल आणि वस्तुस्थिती यांत तफावत पडली, म्हणजे नगरपालिका खऱ्या अर्थाने सुरू झाली.

याच कागदावरून ताईने वर्ग जिंकला. टाकी नीट ठेवायची तर पाणी भरपूर, कागद कमीत कमी, आणि तोही चटकन विरघळणारा, असं शिकवतात. कागदाची परीक्षा सुद्धा आहे. बरणीत पाणी घ्यायचं, कागदाचा तुकडा टाकायचा, हलवायचं, आणि त्याचा लगदा झाला तर कागद पास. ताईने हात वर केला. "आणि कागद वापरलाच नाही तर?" दाजी सांगतात, वर्ग गप्प झाला. मग शिकवणारे म्हणाले, मॅडम, टाकीच्या दृष्टीने याहून चांगलं काही नाही. ज्या गोष्टीवरून या देशात येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने पहिल्या आठवड्यात मनातल्या मनात खंत केलेली असते, तिला अखेर तांत्रिक मान्यता मिळाली. आरव्हीत जेट स्प्रे बसवायचा, हा नगरपालिकेचा पहिला ठराव एकमताने मंजूर झाला.

पाणीपुरवठा खातंही ताईकडेच गेलं. निवडणूक झाली नाही, बिनविरोध. दाजींच्या गाडीची पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची. नळ-वीज नसलेल्या जागी मुक्काम पडला तर दोन माणसांनी त्यात काही दिवस काढायचे असतात. अमेरिकन माणसाला हे ऐकून घाम फुटतो. म्हणून त्याला नेव्ही शॉवर शिकवतात. अंग ओलं करा, पाणी बंद करा, साबण लावा, पाणी सुरू करा, अंग धुवा, पुन्हा बंद करा. चित्रं काढून शिकवतात. ताई पुण्याच्या वाड्यात वाढली. पहाटे पाणी यायचं, एका नळावर पाच बिऱ्हाडं असायची आणि तोंड धुतलेलं पाणी तुळशीला जायचं. "दीडशे लिटर?" ती म्हणाली. "आणि रांग नाही?" तिने एक बादली आणि एक स्टीलचा तांब्या घेतला आणि नेव्ही शॉवरचं प्रकरण एका वाक्यात मिटवलं. दाजींनी मात्र वहीत लिहून घेतलं होतं ते सगळं केलं. कॅम्पग्राउंडच्या नळाचा दाब कधीकधी इतका असतो की गाडीतल्या नळ्या फुटतात, म्हणून मध्ये पितळी रेग्युलेटर लावायचा. टाकी निर्जंतुक करायची तर दर १५ गॅलनला पाव कप ब्लीच. प्यायच्या पाण्याची नळी पांढरी किंवा निळी, आणि ती गटाराच्या नळीच्या कप्प्यात ठेवायची नाही. हा शेवटचा नियम शिकवावा लागतो, यावरून शिकणाऱ्यांबद्दल बरंच कळतं.

विजेचं खातं दाजींचं, कारण तिथे गणित होतं. मुक्कामाच्या खांबावरून ३० अँपिअर मिळतात, १२० व्होल्टला. गुणाकार ३,६०० वॅट. एसी दीड हजारांच्या आसपास खातो, मायक्रोवेव्हही तेवढेच, पाणी तापवायची कॉइल चौदाशेपर्यंत. तिघं एकदम चालू झाले की खटका पडतो. त्यामुळे दाजींनी दाराच्या आत वेळापत्रक लावलं. ज्या माणसाने महाराष्ट्रातल्या लोडशेडिंगला कंटाळून तिकीट काढलं, तो सातासमुद्रापार स्वतःच्याच बायकोला विचारत होता, "अगं, कॉफी गरम करायच्या आधी सांगत जा ना, एसी बंद करतो."

फ्रिजचं प्रकरण मला शेवटपर्यंत पटलं नाही. जुन्या पद्धतीचा आरव्हीचा फ्रिज गॅसवर चालतो. म्हणजे मागे ज्योत पेटते आणि पुढे बर्फ होतो. १९२२ साली स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, हे यंत्र तयार केलं. अमोनिया आणि पाणी उष्णतेने वर चढतात आणि आपल्या वजनाने खाली येतात, मध्ये कुठे पंप नाही, मोटर नाही. पण खाली यायला उतार बरोबर हवा. म्हणून गाडी थांबली की आधी लेव्हल बघायची, चाकांखाली ठोकळे सारायचे. गाडी बरीच कलती राहिली तर फ्रिज रुसतो, आणि सतत तसाच चालवला तर कायमचा मरतो. मुक्कामाला पोचल्यावर दाजी ठोकळे घेऊन गाडीखाली आणि ताई आत ओट्यावर वाटीत पाणी ठेवून बघते आहे, हे दृश्य मी पाहिलं आहे. "डावीकडे अजून थोडं!" ताई आतून. "कुणाच्या डावीकडे?" दाजी खालून.

गॅसवरून आठवलं. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा वास घेणारं यंत्र पायाशी बसवतात. धुराचं यंत्र छताला. या दोन पहारेकऱ्यांच्या मधल्या जागेत ताईने मोहरीची फोडणी दिली. वरचा ओरडला, खालचा शांत राहिला. दाजींनी टॉवेल फिरवत वही उघडली, पण फोडणीचं पान नव्हतंच. तेव्हापासून फोडणी बाहेर, कनातीखाली, छोट्या शेगडीवर. जाहिरातीतल्या जोडप्याच्या खुर्च्या असतात बरोबर त्या जागी.

खरी कसोटी वजनाची. गाडीच्या दारापाशी एक पिवळी चिठ्ठी असते, त्यावर लिहिलेलं असतं की रिकाम्या गाडीत माणसं धरून अजून किती पौंड माल भरता येईल. आकडा वाचून माणूस खूश होतो. मग कुणीतरी सांगतं की पाणीही माल आहे. गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे भरलेली टाकीच सव्वातीनशेच्या वर गेली. उरलेल्यात संसार. ताई आणि दाजी बैठकीच्या खोलीत न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन बसले. तांदळाची वीस पौंडांची पिशवी, दोन कुकर, पुरणयंत्र, पोळपाट, ११० व्होल्टचा मिक्सर, देव, आणि काळ्या दगडाचा खलबत्ता. खलबत्त्यापाशी दाजी थबकले.

"हा नऊ पौंडांचा आहे."

"आईचा आहे."

"अगं, पण मिक्सर आहे ना?"

"तुमच्या वेळापत्रकात मिक्सरची वेळ कुठली?"

दाजींनी विषय बदलला. मग त्यांची बाजू मोजली गेली. पाने, पक्कड, ड्रिल, दोन प्रकारचं सीलंट, ठोकळे, जॅक, तीन नळ्या, जादा फ्यूज, टायरमध्ये हवा भरायचा पंप, दोनशे पानी वही. देखभालीचं सामान संसारापेक्षा जड भरलं. साडेसहा टनांची गाडी चालू ठेवण्यासाठी लागणारं सामान इतकं होतं की गाडीने मुख्यतः तेच वाहून न्यावं. तडजोड झाली. खलबत्ता गाडीत गेला, आणि दाजींचा एक पान्यांचा संच मुलाकडे बोस्टनला गेला, जिथे त्याला कुणी हात लावणार नाही. नंतर ट्रकवाल्यांच्या काट्यावर गाडी वजन करून आणली. थोडी जागा शिल्लक निघाली. दाजी काही बोलले नाहीत, पण संच पार्सलने परत मागवायचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

टायरचं मी थोडक्यात सांगतो, कारण दाजी थोडक्यात सांगत नाहीत. आरव्हीचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन फुटतात. कडेला शेवटचे चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी कोरी दिसली तरी सहा-सात वर्षांत निवृत्त करायचे. निवृत्तीचं वय टायरलाच ठरवून दिलंय, मालकाला नाही.

छपराचं खातं कुणाकडे, यावर मात्र वाद झाला. छप्पर रबराच्या पातळ कातड्याचं. त्यात हवेच्या झरोक्यांना, एसीला, अँटेनाला भोकं पाडलेली, आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंटची मळी. उन्हाने ती तडकते. केसाएवढ्या फटीतून पाणी आत जातं, लाकूड भिजत राहतं, आणि आतल्या छताला डाग दिसेपर्यंत सांगाडा कुजलेला असतो. भिंतीला फुगवटा आला की आरव्ही संपली. म्हणून दर तीन महिन्यांनी वर चढून गुडघ्यांवर रांगत एकेक सांधा बघायचा. दाजींना उंचीची भीती वाटते, हे त्यांनी लग्नाआधीही लपवलं होतं आणि आताही लपवून पाहिलं. ताईने साडीचा पदर खोचावा तशी स्वेटरची बाही सारली आणि शिडी लावली. पावसाळ्याआधी कौलं चाळणारी माणसं तिने लहानपणी वाड्यावर बघितली होती. वर गेल्यावर तिने खाली सांगितलं की मागच्या झरोक्यापाशी तडा आहे. विक्रेत्याने तपासून दिलेल्या गाडीवर. दाजींनी वहीत लिहून घेतलं आणि शिडी घट्ट धरली.

गाडी मागे घेणं हा कॅम्पग्राउंडवरचा सार्वजनिक करमणुकीचा कार्यक्रम असतो. संध्याकाळी नवी गाडी आली की जुने मुक्कामी खुर्च्या वळवून बसतात. नवरा चालवतो, बायको मागे उभी राहून हातवारे करते, आणि कितीही वर्षांचा संसार असला तरी हातवाऱ्यांचा अर्थ दोघांचा वेगळा निघतो. उंचीचं त्याहून वाईट. नॉर्थ कॅरोलायनात डरहॅम गावी रेल्वेचा एक पूल ११ फूट ८ इंचांचा होता. त्याने इतक्या ट्रकांची आणि आरव्हींची छपरं सोलून काढली की त्याच्यासाठी कॅमेरा लावला गेला आणि तो जगभर प्रसिद्ध झाला. २०१९ साली तो आठ इंचांनी उचलला, तरी छपरं सोलणं थांबलं नाही. दाजींनी आपल्या गाडीची एसीसकट उंची मोजून काचेसमोर चिकटवली आहे, फुटांत आणि मीटरमध्ये. मीटर कशाला, विचारलं तर म्हणाले, कॅनडा.

घर विकलं गेलं. ते निघाले तेव्हा मी पुण्याला परतलो होतो. निघण्यापूर्वीची यादी दाजींनी मला पाठवली होती: कनात बंद, पायरी आत, अँटेना खाली, नळ्या काढल्या, गॅस बंद, फ्रिजला कडी. शेवटची ओळ ताईच्या अक्षरात होती: अहो आत आहेत का बघणे.

जानेवारीत फोन आला तेव्हा ते क्वार्ट्झसाइटला होते. ॲरिझोनाच्या वाळवंटातलं हे गाव हिवाळ्यात आरव्हींनी पांढरं होतं. नळ नाही, खांब नाही, नुसती सरकारी जमीन आणि ऊन. तिथे हाजी अलीचं थडगं आहे. अमेरिकी लष्कराने वाळवंटात उंट वापरून पाहायचे ठरवले, तेव्हा १८५६ मध्ये उंटांबरोबर त्यांची देखभाल जाणणारी माणसंही बाहेरून आणावी लागली, त्यांतला हा एक. त्याच्या थडग्यावर उंट आहे, आणि थडगं आहे पिरॅमिडच्या आकाराचं. ते पाहून ताई काय म्हणाली, ते दाजींनी मला सांगितलं नाही.

"कसे आहात दाजी?"

"ग्रे निम्मी, ब्लॅक एकतृतीयांश, बॅटरी ब्याऐंशी टक्के."

"आणि ताई?"

"छपरावर आहे. शेजारच्या गाडीच्या. त्यांना तिने तडा दाखवला, तेव्हापासून सगळी गल्ली तिला बोलावते."

"जपून म्हणावं. तुम्ही तरी लक्ष ठेवा."

"तेच सांगितलं तिला. तर वरून म्हणते, शिडी धरायला ठेवलेला माणूस फोनवर बोलतोय."